टोकन देण्याआधी

वाचकांचे प्रश्न : भाड्याचं घर
(मुलुंड स्टेशनजवळ बरीच वर्षं इस्टेट एजन्सी चालवलेल्या आमच्या काकू या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काकू, नमस्कार. मी सांगलीची. ऐरोलीतल्या आयटी पार्कमध्ये नोकरी लागली म्हणून आले, सध्या पीजीमध्ये राहते. मी आणि दोन मैत्रिणी मिळून मुलुंड पूर्वेला टू बीएचके शोधतोय. तिघींत मिळून ४५ हजार भाडं झेपतं. एका एजंटने नवघर रोडजवळ घर दाखवलं, ते आवडलं. दीड लाख डिपॉझिट आहे. मालक दुबईला असतात. एजंट म्हणतो, 'आज संध्याकाळपर्यंत २० हजार टोकन पाठवा, दुसरी पार्टी तयार आहे. सोसायटी बॅचलर मुलींना देते का, ते मी बघून घेतो.' बाबा फोनवर म्हणतात, एक रुपया देऊ नकोस. घर हातचं जाईल अशी भीती वाटते. काय करू?
– सांगलीची मुलगी, सध्या मुक्काम पीजी

उत्तर : अगं, बाबांचं ऐक. निदान आजची संध्याकाळ तरी.

'दुसरी पार्टी तयार आहे' हे वाक्य आमच्या धंद्यात दुकान उघडल्यावर अगरबत्ती लावावी तसं रोज म्हटलं जातं. मीही म्हटलंय. बहुतेक वेळा पार्टी नसते, क्वचित असते. पण घाई अगदीच खोटी नाही, त्याला एक कारण आहे आणि ते तुला माहीत असलेलं बरं. मुलुंड पूर्वेला चाळीस-पन्नास वर्षं जुन्या, तीन-चार मजली इमारती एकामागून एक पुनर्विकासाला चालल्या आहेत. एक सोसायटी रिकामी झाली की त्यातली सगळी कुटुंबं एकाच वेळी घर शोधायला निघतात. मुलांची शाळा इथे, आजींचे डॉक्टर इथे, केळकर कॉलेजच्या आसपास सगळं आयुष्य गेलेलं. ठाण्याला जा म्हटलं तरी जात नाहीत. त्यांचं भाडं बिल्डर देतो, शिवाय नवरा-बायको-मुलं असं 'फॅमिली' कुटुंब, त्यामुळे मालकही खूश. तुमची स्पर्धा त्यांच्याशी आहे. म्हणून जरा वेळ लागेल, दोन-चार घरं हातची जातील. जाऊ देत.

टोकन दिलं की तू प्रश्न विचारणारी राहत नाहीस, विनवणी करणारी होतेस. त्यामुळे विचारायचं ते सगळं आधीच विचारून घे.

पहिला प्रश्न सोसायटीचा. 'मी बघून घेतो' या एजंटच्या शब्दावर जाऊ नकोस. सोसायटीचं ऑफिस संध्याकाळी कधी उघडतं ते वॉचमनला विचार, तिघी मिळून जा आणि सेक्रेटरींना सरळ सांगा : आम्ही तिघी, अमुक ठिकाणी नोकरी करतो, एकीची शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते, आई-वडील महिन्यातून एकदा येतील. नियमाचं म्हणशील तर आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, अविवाहितांना घर देऊ नये असं कुठेही लिहिलेलं नाही. सभासदाने लीव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या नेहमीच्या भाडेकरारावर) घर देताना सोसायटीला आधी कळवायचं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढंच. पण कागदावरचा नियम आणि लिफ्टमधल्या नजरा या वेगळ्या गोष्टी आहेत. कमिटीला तुम्ही नकोच असाल, तर ते आज कळलेलं बरं. सामान टेम्पोतून उतरवताना कळलं तर नाकी नऊ येतील. मासे-मटणाचंही तसंच. मालकाने विचारलं तर खरं सांग. 'नाही खात' म्हणून घर मिळवायचं आणि मग खिडक्या लावून बोंबील तळायचे, हे अकरा महिने करवत नाही.

ऑफिसमध्ये गेलीच आहेस तर जिन्याखालचा नोटीस बोर्ड वाच. मी तर घर बघायच्या आधी बोर्ड वाचायचे. टँकरच्या वर्गणीची नोटीस असेल तर उन्हाळ्यात पाण्याची बोंब. लिफ्टच्या दुरुस्तीसाठी वर्गणी मागितली असेल तर लिफ्ट कशी असेल ते ओळख. आणि '७९अ' असा आकडा दिसला, विशेष सर्वसाधारण सभा, वास्तुविशारद किंवा पीएमसीची (प्रकल्प सल्लागाराची) नेमणूक वगैरे काही लिहिलेलं दिसलं, तर थांब. सहकार कायद्यातल्या त्या कलमाखाली पुनर्विकासाची प्रक्रिया चालते. ती इमारत उद्या पडणार नाही, वर्ष-दोन वर्षंही निघतील. पण मालकाला 'नक्की केव्हा' हे विचार आणि पाहिजे तर भाड्यात घासाघीस कर. अशा इमारतीतलं घर एकट्या नोकरदार मुलींना वाईट नसतं; तुम्हाला कुठे मुलांच्या शाळेचं वर्ष सांभाळायचंय?

आता घर बघण्याचं. एजंट दुपारी तीनला नेतो, कारण तेव्हा उजेड भरपूर असतो आणि पाणी कोणी बघत नाही. तू सकाळी सातला जाते म्हण. स्वयंपाकघरातला, बाथरूममधला आणि बेसिनचा असे तिन्ही नळ एकदम सोडून बघ. फ्लश ओढ, टाकी परत भरायला किती वेळ लागतो तो बघ. गीझर चालू कर आणि गप्पा मारत थांब. बेडरूमची जी भिंत बाथरूमला लागून आहे तिच्या तळाशी, फरशीच्या वर वीतभर उंचीवर अंगठ्याने दाबून बघ. ओल असेल तर रंग फुगलेला असतो, दाबला की पोपडा निघतो, आत पांढरं मीठ फुटलेलं दिसतं. ती ओल रंगाने जात नाही, शेजारचं बाथरूम तोडल्याशिवाय तर नाहीच. कपाट असेल तर दार उघडून डोकं आत घाल आणि वास घे. जून-जुलैत रंग अगदी ताजा दिसला तर हरखून जाऊ नकोस, काय झाकलंय ते शोध. माझं मत विचारशील तर घर पावसाळ्यातच बघावं. ऊन-वाऱ्यात सगळीच घरं देखणी असतात.

रस्त्याचाही विचार कर. हायवेपलीकडे हरिओम नगरच्या बाजूला घर मिळालं तर ऐरोलीचा पूल जवळ पडतो. पण स्टेशन लांब आणि डम्पिंग ग्राउंड शेजारी. तिथे कचरा टाकणं २०१८ मध्ये बंद झालं, तरी घर पक्कं करण्याआधी संध्याकाळी गच्चीवर जाऊन एक दीर्घ श्वास घे. स्टेशनजवळ राहिलीस तर पावसात पूल तुंबला तरी ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली गाठता येते. मी असते तर स्टेशन धरून राहिले असते.

मग मालकी. शेअर सर्टिफिकेट (सोसायटीचा सभासद असल्याचा दाखला), चालू महिन्याचं मेंटेनन्सचं बिल आणि वीजबिल (मुलुंडला महावितरणचं येतं) या तिन्हींचे फोटो माग. तिन्हींवर एकच नाव पाहिजे. वेगळं असेल तर मध्ये वारसाहक्क आहे, खरेदी आहे की आणखी काही, ते समजून घे. मेंटेनन्सच्या बिलात थकबाकीचा रकानाही वाच. मालकाने सोसायटीचे पैसे थकवले असतील तर तुमच्या पार्किंगपासून पाण्यापर्यंत सगळ्याला खुसपटं निघतात.

तुझ्या बाबतीत खरा पेच दुबईचा आहे. मालक तिकडे असतील तर करारावर अंगठा कोण लावणार? त्यांनी इथे कोणाला मुखत्यारपत्र दिलंय, ते घर भाड्याने देण्यासाठी आहे का, ते बघ. एजंटच स्वतः 'मी मालकाच्या वतीने' म्हणत असेल आणि कागद दाखवत नसेल, तर तिथेच नमस्कार कर. मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोल, आणि पैसे मालकाच्याच खात्यात जातील हे बघ. आणखी एक. मालक आयकराच्या दृष्टीने अनिवासी असतील तर भाड्यातून टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायची जबाबदारी भाडेकरूची असते. निवासी मालकाच्या बाबतीत महिन्याला ५० हजारांच्या वर भाडं असेल तरच हा प्रश्न येतो, अनिवासीला ती सूट नाही. दर ३० टक्के आणि वर सेस, म्हणजे उपकर. एजंट हे सांगत नाही, त्याला माहीतही नसतं. पुढे आयकराची नोटीस येते ती तुमच्या नावाने. ऑफिसमधल्या एखाद्या सीएला विचार आणि करारात तसं कलम घालून घे.

हे सगळं ठीक निघालं तर टोकन दे, पण २० हजार नाही. पाच-दहा हजार पुरे. मालकाच्या खात्यात पाठव आणि त्याच वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर मालकाकडून लिहून घे : अमुक फ्लॅटसाठी टोकन मिळालं, भाडं इतकं, डिपॉझिट इतकं, ताबा अमुक तारखेला, आणि सोसायटीने हरकत घेतली किंवा मालकाने घर दिलं नाही तर पूर्ण परत. हे चार ओळींचं वाक्य लिहायला जो तयार नाही, तो पैसे परत करायलाही तयार नसतो.

दलाली आमच्याकडे अकरा महिन्यांच्या कराराला एका महिन्याचं भाडं, असा रिवाज आहे. करार नोंदला आणि चावी हातात आली की द्यायची, आधी नाही. अकरा महिन्यांनी त्याच घरात तुम्ही पुढे राहिलात आणि एजंट पुन्हा पूर्ण महिना मागायला आला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

कराराचा खर्च तुला फुगवून सांगतील म्हणून हिशोब देते. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे ०.२५ टक्के. एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दर साल १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर. तुझं ४५ हजार गुणिले ११ म्हणजे ४ लाख ९५ हजार. दीड लाखावरचं अकरा महिन्यांचं व्याज १३ हजार ७५०. बेरजेचा पाव टक्का १,२७२ रुपये, वर जाऊन १,३०० धर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, आणि वर दस्त हाताळणीचे काहीशे. बाकी जे मागतील ती घरी मशीन घेऊन येणाऱ्या माणसाची मजुरी. घरी बसून आधार आणि अंगठ्यावर नोंदणी होते, त्याबद्दल थोडी मजुरी द्यायला हरकत नाही. पण पावती आणि इंडेक्स टू (करार नोंदल्याचा सरकारी उतारा) घेतल्याशिवाय नको. 'नोटरी करू, चालतं' असं म्हणतील. चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. तुझा मालक दुबईला बसून हे वाचत असेल तर त्यालाच घाई होईल.

करारात तिघींची नावं घाला. एकीचं लग्न ठरलं किंवा बदली झाली तर तिच्या जागी दुसरी आणता येईल असं कलम हवं, नाहीतर उरलेल्या दोघींना ४५ हजार भरावे लागतात. जुन्या करप्रणालीत एचआरएची (घरभाडे भत्त्याची) करसवलत घेणार असाल तर वर्षाला लाखाच्या वर भाडं भरणाऱ्या प्रत्येकीला मालकाचा पॅन लागेल, तोही आत्ताच माग. आणि पोलिसांना द्यायची भाडेकरूची माहिती मालकाने ऑनलाइन भरली की तिची प्रत तुझ्याकडे ठेव.

बाबांना सांग, काकू म्हणाल्या की मुलगी टोकन देईल, पण आज नाही.

प्रश्न : आम्ही दोघं नोकरी करतो, मुलगा दीड वर्षाचा. डोंबिवलीहून मुलुंडला यायचं आहे. गावची जमीन विकून १२ लाख आले आहेत. एजंट म्हणतो, हे हेवी डिपॉझिट द्या, तीन वर्षं भाडं शून्य, शेवटी सगळे पैसे परत. वन बीएचके आहे, एरवी २८ हजार भाडं पडेल असं तोच सांगतो. पैसे नुसते पडून राहण्यापेक्षा बरं नाही का?
– एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : पैसे पडून राहत नाहीत, बँकेत राहतात. १२ लाखांवर सात टक्के धरा, वर्षाला ८४ हजार, म्हणजे महिन्याला सात हजार. जो मालक महिन्याला २८ हजार घेऊ शकतो, तो सात हजारांत समाधान का मानतोय? हा प्रश्न एजंटला विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

उत्तरं बहुधा दोनच असतात. पहिलं, मालकाला रोख रकमेची निकड आहे आणि बँक त्याला कर्ज देत नाही. घरावर आधीच कर्ज असेल, हप्ते थकले तर बँक घर ताब्यात घेते, आणि बँकेला तुमच्या डिपॉझिटशी काही देणंघेणं नसतं. तुमचे १२ लाख म्हणजे मालकाला दिलेलं विनातारण कर्ज, त्यावर तुमच्या डोक्यावर छप्पर आहे इतकंच. दुसरं उत्तर आणखी वाईट. एखादा माणूस मालकाकडून दर महिना भाड्याने घर घेतो, मग तेच घर स्वतः मालक असल्याच्या थाटात तुमच्यासारख्या कुटुंबाला हेवी डिपॉझिटवर देतो. काही महिने खऱ्या मालकाला भाडं भरतो आणि एक दिवस फोन बंद. मग खरा मालक दारात उभा, आणि तुम्ही पोलीस स्टेशनात. हे मुंबईत नवीन नाही.

माझा सल्ला सरळ आहे : जमिनीचे पैसे या प्रकारात घालू नका. एक-दीड लाख डिपॉझिट आणि नेहमीचं भाडं असं घर घ्या, उरलेल्याचं व्याज भाड्याला लावा.

ऐकणारच नसाल तर निदान एवढं करा. सोसायटीत जाऊन सभासद कोण आहे आणि घरावर बँकेचा बोजा नोंदलाय का ते सेक्रेटरींकडून बघून घ्या. कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र मागा. एक पैसा रोखीने नको, सगळं सभासदाच्याच खात्यात. करारात पूर्ण १२ लाखांचा आकडा लिहून नोंदणी करा. 'स्टँप ड्युटी वाढते म्हणून दोन लाख दाखवू' म्हणतील त्यांना हिशोब दाखवा. १२ लाखांवर १० टक्के व्याज तीन वर्षांचं ३ लाख ६० हजार, त्याचा पाव टक्का ९०० रुपये. या ९०० रुपयांतले काही वाचवण्यासाठी कोणी १० लाख लपवायला सांगत असेल तर त्याला ९०० रुपयांची चिंता नाही.

प्रश्न : आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. बिल्डर ३६ महिने म्हणतो. आमचं वय ६८ आणि ६३, यजमानांना जिना चढवत नाही. मालक अकराच महिन्यांचा करार करतात, म्हणजे तीन वेळा सामान हलवायचं का? शिवाय बिल्डरने भाडं थांबवलं तर?
– एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : अकरा महिने ही सवय आहे, कायद्याची सक्ती नाही. ६० महिन्यांपर्यंतचा लीव्ह अँड लायसन्स करार त्याच पाव टक्क्यात नोंदवता येतो. ३६ महिन्यांचा मागा. मालकाला धास्ती असते की म्हातारी माणसं बसली तर उठणार नाहीत. त्याला सांगा की तुमचा बिल्डरबरोबरचा करार दाखवता, तुमचं स्वतःचं घर तिथेच उभं राहतंय. शिवाय मुदत संपल्यावर न हललं तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, हे त्यालाही ठाऊक असू द्या. दरवर्षी किती वाढ ते आकड्यात लिहा. लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) दोन्ही बाजूंनी असू द्या, पण बिल्डरने इमारत लवकर दिली तर तुम्हाला महिन्याच्या नोटिशीवर निघता येईल एवढी फट ठेवा. इमारती लवकर मिळत नाहीत हो, पण फट ठेवा.

मुदत ३६ महिने म्हणतात तेव्हा मनात ४८ धरा. बिल्डरचं भाडं थांबलं तर मालक थांबणार नाही, म्हणून किमान सहा महिन्यांचं भाडं स्वतःच्या खात्यात वेगळं ठेवा आणि पुढच्या तारखांचे चेक बिल्डरकडून आधीच घेतलेत का हे कमिटीला आजच विचारा.

घर शोधताना लिफ्टचं मात्र ऐका : लिफ्ट आहे एवढ्यावर समाधान मानू नका, वीज गेल्यावर ती जनरेटरवर चालते का ते विचारा. तळमजल्याचं घर मिळालं तर जुलैतलं पाणी कुठवर येतं ते शेजारच्या किराणावाल्याला विचारा, मालकाला नाही.

प्रश्न : दोन वर्षं राहून घर सोडतोय. मालक म्हणतात, रंगाचे ३० हजार आणि 'डीप क्लीनिंग'चे ६ हजार डिपॉझिटमधून कापणार. भिंतींवर दोन-तीन खिळ्यांची भोकं सोडली तर काही नाही. मित्र म्हणतो, शेवटच्या दोन महिन्यांचं भाडंच देऊ नकोस.
– वैतागलेला भाडेकरू, भांडुप

उत्तर : मित्राचा उपाय पुष्कळ लोक करतात. तो मला पटत नाही, कारण करारातली अट मोडणारे तुम्ही ठरता आणि भांडणाचा नूरच बदलतो. आधी करार उघडा. रंगाचा खर्च भाडेकरूने द्यायचा असं लिहिलं असेल तर रक्कम लिहिलीय का ते बघा. सही केलीत तर द्यावं लागेल. 'रोजच्या वापराने होणारी झीज सोडून' असे शब्द असतील तर दोन वर्षांत मळलेली भिंत ही झीजच आहे, नुकसान नव्हे. खिळ्यांची भोकं शंभर रुपयांची पुट्टी आणून स्वतः बुजवा आणि फोटो काढा.

मग बोला, पण तोंडी नको. मालकाला लिहा की अमुक तारखेला अकरा वाजता घर बघा, नुकसान असेल ते दाखवा, रंगाऱ्याचं लेखी कोटेशन द्या. ३० हजारांचं कोटेशन बरेचदा कागदावर येताना निम्मं होतं. शेवटी थोडं कमी-जास्त करून तोडगा काढा, आणि चावी द्याल त्याच बैठकीत डिपॉझिट खात्यात जमा झाल्याचा मेसेज बघा. 'पुढच्या आठवड्यात पाठवतो' म्हणणाऱ्या मालकाला चावीही पुढच्या आठवड्यात मिळेल असं गोड आवाजात सांगा; मात्र कराराची मुदत संपायच्या आत हे उरका, वर सांगितलेला दुप्पट दर तुम्हालाही लागू आहे.

पुढच्या घरात सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंतीचा, फरशीचा, नळाचा व्हिडिओ काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि सगळे जण 'उद्या करू' म्हणतात.

प्रश्न : मी नाशिकला असतो, मुलुंडचा फ्लॅट भाड्याने दिलाय. सोसायटी दरमहा ३,००० रुपये नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतला जाणारा आकार) लावते आणि नवीन भाडेकरू आला की 'देणगी' म्हणून पाच हजार घेते. भाडेकरू म्हणतो, हे मी का भरू?
– फ्लॅटमालक, नाशिक

उत्तर : त्याचं बरोबर आहे. हा आकार सभासदावर आहे, भाडेकरूवर नाही. आणि तुमच्यावरही इतका नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, महापालिकेचे कर वगळून. तुमच्या बिलात सेवा शुल्क २,६०० असेल तर २६० रुपये. तीन हजार कुठून आले ते कमिटीलाच विचारा. सर्वसाधारण सभेने ठराव केला असं सांगतील. ठरावाने शासनाचा आदेश बदलत नाही. देणगीचं तर नावच सांगतंय की ती ऐच्छिक असते.

आधी सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, पोच घ्या, जादा घेतलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करायला सांगा. उत्तर आलं नाही तर आपल्या विभागाच्या सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे बिलांच्या प्रती जोडून अर्ज करा. सगळी बिलं जपून ठेवलीत ना? नसतील तर सोसायटीकडून खातेउतारा मागा, तो द्यावाच लागतो. आणि भाडेकरूकडून देणगी वसूल केली असेल तर त्याची रक्कम तुम्ही या महिन्याच्या भाड्यातून त्याला वळती करून द्या. चांगला भाडेकरू दिसतोय, बिल वाचतो.